पुलावरचा बोजा

गोल्डन गेट पुलावरून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो मला दिसलाच नाही. जुलै महिना, दुपारचे साडेतीन. गाडी चालवता चालवता जावई म्हणाला, "बाबा, आता आपण पुलावर आहोत बरं का." मी खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती. बाहेर पांढरं होतं. डावीकडे प्रशांत महासागर, उजवीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर आणि त्यातली बेटं, डोक्यावर ७४६ फुटी मनोरे, असं सगळं तो सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. मधूनच एखादा नारिंगी दोर धुक्यातून खाली उतरायचा आणि मागं पडायचा. खाली कुठंतरी भोंगा वाजत होता. वासरू हरवलेल्या म्हशीनं हंबरावं तसा. दोन मिनिटांनी जावई म्हणाला, "संपला." मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली सौ. म्हणाली, "माळशेज घाटात याच्यापेक्षा जास्त दिसतं."

बिचारा जावई ओशाळला. खरं तर त्यात त्याचा काही दोष नव्हता. कॅलिफोर्नियाच्या आतल्या खोऱ्यांत उन्हाळ्यात रान तापतं, तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, ओलसर हवा आत धावते. किनाऱ्यालगत डोंगरांची भिंत उभी आहे. तिला मोठं खिंडार एकच, ही सामुद्रधुनी. त्यामुळे सगळं धुकं याच दारातून आत येतं, आणि नेमकं त्या दारातच हा पूल. जगभरचे लोक ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बघायला येतात आणि स्वेटर विकत घेऊन परत जातात.

दारावरून आठवलं. 'गोल्डन गेट' हे नाव पुलाचं नव्हे, या सामुद्रधुनीचं. पूल सोनेरी असेल अशी माझी लहानपणापासूनची समजूत. निदान कॅलिफोर्नियातल्या सोन्यावरून तरी नाव पडलं असेल, ही नंतरची. दोन्ही चुकीच्या. जॉन फ्रेमाँट नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं १८४६ साली या चिंचोळ्या पाण्याला ग्रीक भाषेत 'सोन्याचं दार' अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच्या डोळ्यांपुढे बायझँटियमचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं, 'गोल्डन हॉर्न' हे बंदर होतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. नाव आधी, सोनं मागून. असा योग कादंबरीत घातला तर संपादक म्हणतील, जरा ओढूनताणून वाटतंय.

आमची मुलगी फ्रीमाँटला राहते. हे गाव त्याच अधिकाऱ्याच्या नावाचं, फक्त उच्चार इकडच्या पद्धतीचा. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची दुपार किती लांब असते, हे जे जाऊन आलेत त्यांना सांगायला नको. जावई ऑफिसात, मुलगी वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे, नात शाळेत. मी लायब्ररीत जाऊ लागलो. तिथं जॉन व्हॅन डर झी या लेखकाचं १९८६ साली निघालेलं पुलावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. न दिसलेला पूल निदान वाचावा, म्हणून घरी आणलं. वाचत गेलो तसा माझ्यातला कादंबरीकार मागं राहिला आणि छत्तीस वर्षं नोकरी केलेला बँकवाला पुढं सरकून बसला. कारण हा पूल पोलादाचा असेल तो असेल. त्याच्या आधी तो कर्जाचा होता.

विचार करा. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडू लागल्या, माणसं रस्त्यावर आली. आणि त्यानंतर वर्षभरात, ४ नोव्हेंबर १९३० ला, सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या उत्तरेकडची मरीन, सोनोमा, नापा वगैरे मिळून सहा काउंट्यांतल्या मतदारांना विचारण्यात आलं: या पुलासाठी साडेतीन कोटी डॉलरचे रोखे काढायचे आहेत, तारण म्हणून तुमची घरं, तुमची शेतं, तुमची दुकानं लावायला तयार आहात का? काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. त्यातली डेल नॉर्टे तर थेट राज्याच्या उत्तर टोकाला, पुलापासून कित्येक तासांच्या वाटेवर. सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार लोकांनी 'हो' म्हटलं. 'नाही' म्हणणारे सत्तेचाळीस हजार.

आपल्या भाषेत सांगायचं तर लाखभर लोकांनी आपापल्या सातबाऱ्यावर एका पुलाचा बोजा चढवून घेतला. तोही असा पूल, की एवढ्या लांबीचा झुलता पूल जगात कुठं बांधलेला नव्हता. मधला गाळा ४,२०० फुटांचा. खालून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. मी कर्जखात्यात उभी हयात काढली. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, 'अधिक माहिती मागवावी' असा शेरा मारून फाइल परत पाठवली असती. ज्यांना नाही म्हणायचं धाडस नसतं त्या सगळ्या अधिकाऱ्यांचा हाच शेरा असतो.

तिथंही तसंच होत होतं. विरोधकांत मोठा वाटा होता तो सामुद्रधुनीत फेरीबोटी चालवणाऱ्यांचा. पूल झाला की त्यांचा धंदा बसणार. कोर्टकज्जे सुरू झाले. रोखे काढायची परवानगी मिळून दोन वर्षं होत आली तरी घेणारा कुणी नाही. अखेर १९३२ साली पुलाची मंडळी गेली बँक ऑफ अमेरिकेच्या जियानिनींकडे.

हे अमादेओ जियानिनी म्हणजे बँकवाल्यांच्या पुराणातलं एक पात्र. सॅन होजेत जन्मलेला इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, आधी भाजीपाल्याचा घाऊक व्यापारी. मोठ्या बँका गरीब इटालियनांना दारात उभं करत नाहीत म्हणून १९०४ साली त्यांनी 'बँक ऑफ इटली' काढली. १९०६ च्या भूकंपात शहर जळत असताना त्यांनी बँकेची रोकड भाजीच्या गाडीतून, वर संत्र्यांच्या पेट्या रचून, शहराबाहेर काढली. काही दिवसांनी परत येऊन धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकली आणि तिथं बसून कर्जं वाटायला सुरुवात केली. तारण म्हणजे समोरच्याचा चेहरा आणि हातावरचे घट्टे. हीच बँक पुढं बँक ऑफ अमेरिका झाली. मंदीच्या तळाशी, स्वतःच्या बँकेला ओढ लागलेली असताना, जियानिनींनी हे रोखे घ्यायचं कबूल केलं. ५ जानेवारी १९३३ ला काम सुरू झालं. २७ मे १९३७ ला पूल खुला झाला.

आणि परतफेड? शेवटचे रोखे फिटले १९७१ साली. साडेतीन कोटी मुद्दल, सुमारे तीन कोटी नव्वद लाख व्याज, सगळं टोलच्या पैशांतून. व्याज मुद्दलापेक्षा जास्त झालं याचं कुणाला नवल वाटत असेल तर त्यानं गृहकर्जाचा आपला उतारा काढून बघावा.

सप्टेंबरात धुकं विरळ झालं तेव्हा मी मुलीला म्हटलं, "मला तो पूल चालत ओलांडायचाय." ती म्हणाली, "बाबा, पावणेदोन मैल आहे. आईचा गुडघा?" सौ. म्हणाली, "माझा गुडघा मी बघते. ते एवढं तीन महिने पुस्तक वाचतायत, एकदाचं होऊन जाऊ दे." एका मंगळवारी मुलीनं सुट्टी घेतली, आम्हाला सकाळी दक्षिणेच्या टोकाला सोडलं आणि स्वतः गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला वाट पाहत थांबली.

पूल दिसला. त्याच्याबद्दल वर्णनपर काही लिहायचा माझा विचार नाही. कॅलेंडरांनी ते काम केव्हाच करून ठेवलंय. रंगाबद्दल मात्र एक सांगतो, कारण तो रंग थोडक्यात वाचला. अमेरिकेच्या नौदलाला पूल काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हवा होता, म्हणजे बोटींना लांबून दिसेल. हवाई दलवाल्यांना लाल-पांढरे पट्टे हवे होते. कारखान्यातून पोलाद आलं ते गंज धरू नये म्हणून शेंदरासारखा लाल प्रायमर लावून. वास्तुकार आयर्व्हिंग मॉरो यांनी ते त्या टेकड्यांपुढं उभं राहताना पाहिलं आणि त्याच जातीचा नारिंगी रंग कायम ठेवायचा आग्रह धरला. सौ. त्याला पाहताक्षणी म्हणाली, "अहो, हा तर आपल्या मारुतीचा शेंदूर!" तीन महिने पुस्तक वाचून मला जो शब्द सापडला नव्हता तो तिला उभ्या उभ्या सापडला.

पुलाच्या तोंडाशी लोखंडी दोराचा एक आडवा छेद ठेवलाय. व्यास तीन फुटांहून किंचित जास्त. आत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या २७,५७२ तारा. अशा दोन दोरांवर सगळा पूल टांगलेला. दोन्हींतल्या तारा सोडवून टोकाला टोक जोडलं तर ऐंशी हजार मैल भरतील, विषुववृत्ताला तीन फेऱ्या. त्याच्या जवळच जोसेफ स्ट्रॉस यांचा पुतळा आहे. पुलाचे मुख्य अभियंता. वर्षानुवर्षं सभा घेऊन, भांडून, लोकांना पटवून त्यांनी हा पूल होऊ दिला, यात शंकाच नाही. गृहस्थ कविताही करत आणि पूल पुरा झाल्यावर त्यांनी त्यावर कविता केली. वर्षभरानं, १९३८ मध्ये, ते वारले.

पण त्यांचा स्वतःचा पहिला, १९२१ चा आराखडा हा आजचा पूल नव्हताच. तो निम्मा सांगाड्याचा, निम्मा झुलता, असा बेढब प्रकार होता. आजचा सडपातळ पूल गणितानं उभा केला तो न्यूयॉर्कचे लिऑन मॉइसेफ आणि स्ट्रॉस यांच्या कंपनीतले चार्ल्स एलिस या दोघांनी. एलिस प्राध्यापक, गणिती, ग्रीक भाषेचे जाणकार. मनोऱ्यांवर किती भार येईल, वाऱ्यानं किती कलेल, थंडी-उन्हात दोर किती आखडतील नि सैलावतील, याची पानंच्या पानं आकडेमोड एलिस यांनी केली. काँप्युटर नाहीत, कागद, पेन्सिल आणि स्लाइडरूल. १९३१ च्या अखेरीस स्ट्रॉस यांनी त्यांना वेळ नि पैसा फार घालवता म्हणून सुट्टीवर पाठवलं आणि परत येऊ नका म्हणून कळवलं. मंदीत दुसरी नोकरी नाही. एलिस कित्येक महिने घरी बसून, बिनपगारी, तेच गणित पुन्हा तपासत राहिले. पुढं त्यांना परड्यू विद्यापीठात शिकवायची नोकरी मिळाली. १९४९ साली ते वारले. पूल झाला तेव्हा त्यांचं नाव कुठंही नव्हतं. व्हॅन डर झी यांच्या पुस्तकानं हे सगळं पुढं आणलं. पूल चालवणाऱ्या मंडळानं २००७ च्या अहवालात एलिस यांचं श्रेय मान्य केलं, आणि २०१२ मध्ये, पुलाच्या पंचाहत्तरीला, त्यांच्या नावाचा फलक लागला.

पुतळ्यासमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो असणार. सौ.नं हाक मारली, "अहो, चला की. ऊन आहे तोवर जाऊ."

चालायला लागलो. एक गोष्ट प्रवासवर्णनवाले सांगत नाहीत ती सांगतो: हा पूल फार आवाजी आहे. पादचाऱ्यांची वाट शहराकडच्या अंगाला, आणि कठड्याच्या आत सहा पदरी रहदारी अखंड. बोलायचं तर ओरडावं लागतं. सायकलवाले घंटा वाजवत अंगावर येतात. वारा टोपी मागतो. २०२० साली पश्चिमेकडच्या कठड्याच्या पट्ट्या बदलल्या, तेव्हापासून जोराचा वारा आला की पूल गुणगुणायचा. शहरात मैलोगणती ऐकू जायचा. आमच्या दिवशी तो गप्प होता.

पाण्यात समोर अल्काट्राझ, तुरुंगाचं बेट. त्याच्या मागं एंजल आयलंड, जिथं आशियातून आलेल्यांना अडकवून ठेवत. खालून एक मालवाहू बोट समुद्राकडे निघाली होती. मला गदर पक्षाची आठवण झाली. त्याचा छापखाना याच शहरात, १९१३ सालचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तशी त्याची माणसं बोटींत बसून हिंदुस्थानाकडे निघाली. तेव्हा पूल नव्हता, फक्त हे दार होतं. आपले पांडुरंग खानखोजे त्याच पक्षातले, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही. पिंगळ्यांना १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात फाशी दिलं. सौ.ला हे सांगितलं. वाऱ्यामुळे तिला निम्मंच ऐकू गेलं, पण तिनं बोटीकडे बघून हात जोडले.

दक्षिणेच्या मनोऱ्याशी थांबलो. पोलादाला हात लावला; बर्फासारखं. एकेका मनोऱ्यात सहा लाखांच्या आसपास रिव्हेट आहेत, एकूणएक माणसांनी ठोकलेले. बांधकामाच्या वेळी कामगारांसाठी पुलाखाली जाळं टांगलं होतं, त्या काळी ही नवीच गोष्ट. एकोणीस जण त्यात पडून वाचले. त्यांनी आपली एक मंडळी काढली: 'हाफवे टू हेल क्लब', नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांची. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला एक भलीमोठी परात तुटली आणि ती जाळ्यासकट समुद्रात गेली. एकदम दहा माणसं गेली. पूल तीन महिन्यांनी खुला व्हायचा होता.

"आणि ही जाळी?" सौ.नं कठड्यावरून खाली बोट दाखवलं. कठड्याच्या वीसेक फूट खाली करड्या रंगाची, स्टेनलेस स्टीलची जाळी, पुलाच्या दोन्ही अंगांनी पसरलेली. ती २०२४ च्या जानेवारीत पुरी झाली. इथं जीव द्यायला येणाऱ्यांसाठी. इतकी वर्षं त्यांच्या आईबापांनी मागणी केली, इतकी वर्षं 'पूल कुरूप दिसेल' आणि 'खर्च फार' ही उत्तरं मिळाली. खर्च झाला तो वीस कोटी डॉलरच्या वर, म्हणजे मूळ पुलासाठी काढलेल्या रोख्यांच्या कितीतरी पट, अर्थात आजच्या डॉलरमध्ये. तेव्हापासून तशा घटना पुष्कळ कमी झाल्यात. सौ. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिसतच नाही हो लांबून. उगीच थांबले इतकी वर्षं."

पुलाच्या बरोबर मध्यावर एक मोठा ट्रक गेला आणि पायाखाली थरथर झाली. सौ.नं माझा दंड धरला. "हलतोय का?" मी म्हटलं, हलायलाच हवा. मधला भाग वाऱ्यात सत्तावीस फुटांपर्यंत बाजूला सरकला तरी चालेल असा हिशेब केलाय. जो हलत नाही तो तुटतो.

"कुणी केला हिशेब?"

तिनं सहज विचारलं. मी एलिसचं नाव सांगितलं, आणि त्याच्यामागून दुसरं एक नाव तोंडाशी आलं, ते मी चौतीस वर्षं तिला सांगितलं नव्हतं. इथंही लिहीत नाही. त्याची परवानगी घेतलेली नाही.

१९९१ साली मी आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयात कर्जखात्यात होतो. कृष्णाकाठच्या एका गावच्या शेतकऱ्यांनी उपसा जलसिंचन योजनेसाठी कर्ज मागितलं. दोनशेच्या वर खातेदार, प्रत्येकाचा सातबारा तारण. नदीवर जॅकवेल, तिथून मोटारींनी पाणी टेकाडावर चढवायचं. माझ्या हाताखाली सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी होता. तो गावात आठ दिवस राहिला. मोटारींची ताकद, विजेचं बिल, उसाचं उत्पन्न, कुणाकडून हप्ता येईल आणि कुणाकडून येणार नाही, सगळं त्यानं काढलं. चाळीस पानांचं टिपण. असं टिपण मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. वरून सांगणं आलं, थोडं आटोपशीर करून पुन्हा पाठवा. तो बहिणीच्या लग्नाला रजेवर गेलेला. मी टायपिस्टला बसवलं. 'तयार करणार' या रकान्यात आधी त्याचं नाव होतं, खाली 'शिफारस करणार' म्हणून माझं. नव्या टिपणात दोन्हीकडे माझंच आलं. टायपिस्टनं विचारलं होतं, "साहेब, इथं कुणाचं टाकू?" घाई होती, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तेवढी घाई नव्हती.

कर्ज मंजूर झालं. मुख्य कार्यालयातून शाबासकीचं पत्र आलं. पुढच्या बढतीच्या मुलाखतीत त्या टिपणाचा उल्लेख निघाला आणि मी खाली बघून हसलो. तो रजेवरून परत आला, त्यानं फाइल पाहिली, काही बोलला नाही. दोन वर्षांनी त्याची नेहमीच्या क्रमानं परराज्यात बदली झाली. मी दोन कादंबऱ्यांत बँक आणली, माणसं आणली, लबाड्या आणल्या; हा प्रसंग मात्र कधी आणला नाही.

सौ. ऐकत होती. ट्रक जात होते, मी ओरडून सांगत होतो. आपली चूक कुजबुजत कबूल करायची सोय त्या पुलावर नाही. ती एवढंच म्हणाली, "फोन नंबर आहे का त्यांचा?"

उत्तरेच्या टोकाला पोचलो तेव्हा तिच्या गुडघ्यापेक्षा माझे पाय जास्त थकले होते. मुलगी थर्मासमध्ये चहा घेऊन बसली होती. परतताना पुन्हा गाडी, पुन्हा दोन मिनिटं. पण या वेळी मी प्रत्येक दोर मोजत होतो आणि मोजणी चुकत होती. टोल फक्त शहराकडे येताना लागतो. २०१३ पासून टोलनाक्यावर माणूस नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि नऊ डॉलरच्या वर रक्कम परस्पर खात्यातून वळती होते. मी मुलीला म्हटलं, "कर्ज १९७१ लाच फिटलं, मग हे कशाचे?" ती म्हणाली, "बाबा, रंग लावायला माणसं लागतात ना. गंजतो तो रोज." बरोबर होतं. मुद्दल फिटतं, देखभाल फिटत नाही.

पुस्तकातली एक गोष्ट गाडीत आठवत राहिली. एलिस यांच्यासोबत ज्यांनी गणित केलं ते मॉइसेफ. त्यांनी आराखडा केलेला टॅकोमाचा पूल ७ नोव्हेंबर १९४० ला, जेमतेम चार महिन्यांचा असताना, वाऱ्यात पिळवटून पडला. १९५१ च्या डिसेंबरात वादळी वाऱ्यानं गोल्डन गेटही हेलकावे खाऊ लागला तेव्हा तो काही तास बंद ठेवावा लागला, आणि नंतर त्याला खालून जादा पोलादी आडबंद घातले. मोठ्यांची गणितंही चुकतात. फक्त चुकलं तर कुणाचं, हे लिहिलेलं असावं लागतं, आणि बरोबर आलं तर कुणाचं, हेही.

रात्री आठ वाजता फोन लावला. तिकडे सकाळचे साडेआठ. तो सांगलीजवळ राहतो, निवृत्त झालाय, द्राक्षं लावलीत. तीस वर्षांत तीन-चार वेळा लग्नाकार्यात भेटलो असू. मी पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग तो हसला. "साहेब, खरं सांगू? मला त्या वेळी सुटल्यासारखं झालं होतं. रजेवर असताना ध्यानात आलं, विजेच्या दराचा एक आकडा मी जुना धरला होता. वाटलं, योजना बुडाली तर निदान आपलं नाव त्यात नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

म्हणजे चौतीस वर्षं आम्ही दोघंही गप्प होतो. मी विचारलं, "आणि योजनेचं काय झालं?"

"चालली की. मधे दोन वर्षं हप्ते थकले, मग ऊस आला, सावरलं. २००४ ला कर्ज फिटलं. मी तेव्हा मुद्दाम गेलो होतो गावात. सगळ्यांचे सातबारे कोरे झाले, पेढे वाटले, जॅकवेलवर बोर्ड लावला. चेअरमनचं नाव, बँकेचं नाव, तुमचं नाव." तो थोडा थांबला. "तेव्हा मात्र वाटलं साहेब, असायला हवं होतं."

मी म्हटलं, मी नोव्हेंबरात येतोय, आपण दोघं त्या गावाला जाऊ. तो म्हणाला, "या. पण बोर्ड आता राहिला नाही. २०१९ च्या पुरात गेला. विहीर आहे."